सदतीस मिनिटांचं भजन

२८ नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी कांद्याची लागवड होती, आठ बायांना सांगून ठेवलं होतं, आणि मी सकाळी सातपासून रोप उपटून जुड्या बांधत होते. हे काम मी कोणावर सोपवत नाही. आदल्या दिवशी वाफ्याला पाणी दिलेलं असलं तरी रोप ओढायची एक रीत असते. झटका दिला की मुळं तुटतात आणि पुढे महिनाभर पिवळं रोप बघत बसावं लागतं. शंभरेक जुड्या झाल्या असतील, तेवढ्यात चुलतदीर बांधावर येऊन उभे राहिले. डोक्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली भजनाची पेटी.

“वहिनी, जुन्नरला जाणार व्हता ना तुमी आज?”

जाणार होते. लागवडीआधी रोपाची मुळं बुरशीच्या औषधात बुडवायची असतात, ते औषध आणायचं होतं.

“मग ही चाचांकडं टाका. आन् निरोप सांगा. म्हणावं, रेकॉर्डिंगला लावून द्या. नाय जमत तर तसं सांगा, आमी उद्या सकाळीच आळेफाट्याला नेतो. तिथं एक जण मशिनवर सूर लावून देतो.”

“आणि त्यांनी विचारलं, बिघडलंय काय, तर?”

“त्यांना ऐकू येत असतं तर इचारायची येळ आली असती का?” असं म्हणून त्यांनी पेटी बांधावर ठेवली आणि डोक्यावरची चुंबळ झटकून खांद्यावर टाकली. दीर मंडळाचे पेटीवाले. स्वतःची पेटी दुसऱ्याच्या हाती देताना माणूस जसा दोनदा मागे वळून बघतो तसं त्यांनी बघितलं आणि गेले.

हे प्रकरण काय होतं ते आधी सांगते.

आमची वस्ती डिंगोऱ्याच्या पुढे. वस्तीचं भजनी मंडळ जुनं आहे. त्याचे बुवा गेल्या मार्गशीर्षात वारले. त्यांच्या मागे त्यांच्या आवाजाची एकच सीडी राहिली, आठ-दहा वर्षांपूर्वी एका रेकॉर्डिंगवाल्याला बोलावून देवळातच केलेली. संध्याकाळचं पूर्ण भजन, बुवांचा आवाज, पेटी, पखवाज, टाळ. यंदाच्या दत्तजयंतीच्या सप्ताहात बुवांना वर्ष होणार होतं. मंडळाने ठरवलं होतं की पहिल्या दिवशी स्पीकरवर बुवांचा आवाज लावायचा आणि सगळ्यांनी त्याला समोर बसून साथ करायची. कल्पना मास्तरांची. मास्तर म्हणजे आमचे पखवाजवाले, निवृत्त शिक्षक.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. शेती नवऱ्याची आणि माझी, कॉम्प्युटर माझा एकटीचा. पुढच्या खोलीत तो आहे, शेजारी खताच्या गोण्या. आषाढात मंडळाच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला तेव्हा दीर ती सीडी घेऊन माझ्याकडे आले. पेटी दुरुस्त होईपर्यंत देवळात बुवांचं भजन लावू, पेनड्राइव्हवर करून द्या, म्हणाले. मी करून दिलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी देवळात तेच लागायचं आणि लोक त्यासोबत टाळ्या वाजवत म्हणायचे. नवीन पोरींनी सगळं भजन त्यावरच पाठ केलं.

काम लोकांना आवडलं. “बुवा जित्ते असताना येवढे खणखणीत वाटत नव्हते,” असं माझा नवरा म्हणाला. बायका म्हणाल्या, भजन कसं झपझप होतं, स्वयंपाकाला वेळेवर घरी जाता येतं. गोकुळाष्टमीला देवळात मला नारळ आणि खण दिला. मी घेतला.

नवरात्रात पेटी जुन्नरला चाचांकडे गेली. चाचा पेट्या दुरुस्त करतात, त्यांचे वडीलही तेच करायचे. जुन्नर, आंबेगाव दोन्ही तालुक्यांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे येतात. बुवांची पेटी तीसेक वर्षं त्यांच्याच हातात होती. दिवाळीनंतर नवा भाता बसवून, सूर लावून पेटी परत आली, आणि पहिल्याच सरावाला ती बुवांच्या आवाजाशी जुळेना. पांढरी दोन धरली तर पेटी खाली, काळी दोन धरली तर वर. मधल्या फटीत कुठे तरी बुवा गात होते आणि पेटीवर तिथे पट्टीच नव्हती.

“माझा पखवाज बसतो, तुमची पेटीच बसत नाही,” मास्तर म्हणाले. पखवाजाला काय, गठ्ठे ठोकले, पीठ कमीजास्त केलं की कुठेही बसतो. पण हे तेव्हा कोणी बोललं नाही. पेटी दोनदा जुन्नरला जाऊन आली. दोन्ही वेळा चाचांनी सांगितलं की पेटी बरोबर आहे. दुसऱ्या वेळी मास्तरांनी भजनी मंडळांच्या ग्रुपवर लिहिलं, “जुन्नरच्या चाचांचे आता वय झाले आहे. पेट्या देताना विचार करावा.” एवढंच, शुद्ध भाषेत. त्या आठवड्यात बोरी बुद्रुकच्या मंडळाने आपली पेटी न उघडलेलीच परत नेली. शिनोलीवाल्यांनीही नेली.

मलाही तेच वाटलं होतं. सत्तरी उलटलेला माणूस, कान जाणारच. माझे डोळे पन्नाशीतच गेलेत.

जुड्या ओल्या पोत्याखाली झाकल्या, पेटी स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि निघाले. अकराच्या सुमारास चाचांच्या दारात पोचले. एकच खोली, रस्त्याकडे उघडणारी. एरवी सप्ताहांच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, पेट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या दिवशी फरशी मोकळी होती आणि झाडून स्वच्छ केलेली होती. चाचा खाटेवर बसून चष्मा पुसत होते.

“या ताई. भाता बसवल्यापासून तिसऱ्यांदा आली म्हणायची पाहुणी,” पेटीकडे बघून ते म्हणाले.

मी निरोप जसाच्या तसा सांगितला. गोड करून सांगायची मला सवय नाही, आणि त्याने फरकही पडला नसता. आळेफाट्याचं नाव निघालं तसे ते उठले, पेटी उघडली. आत पितळेच्या बारीक जिभा असतात, त्यांच्यातून हवा गेली की सूर निघतो. या पेटीत चौऱ्याऐंशी.

“वर चढवायची म्हणजे प्रत्येक जीभ टोकाला घासायची,” ते म्हणाले. “अर्ध्या पट्टीएवढी. जीभ कागदासारखी होते. दोन वर्षांत तुटायला लागतात. आणि घासलेलं पितळ परत येत नाही ताई, ते तुमच्या माणसाला मशिनवर दिसणार नाही.”

“मग नाही म्हणून सांगू?”

त्यांनी पेटी उघडीच ठेवली. मग कपाटातून लाकडाची एक शिट्टी काढली, वडिलांच्या वेळची. तिच्यात काळी एकची जीभ बसवलेली आहे. ती तोंडाने फुंकली आणि दुसऱ्या हाताने पेटीची काळी एक दाबली. मला दोन्ही एकच वाटले.

“मलाही एकच वाटतं,” ते म्हणाले. “पण मला वाटून काय उपयोग? दहा माणसं म्हणतात जुळत नाही. शिनोलीवाले म्हणतात. मुलगा म्हणतो, अब्बा, बस करा आता. गेले असतील कान. कानाचं असंच असतं, ज्याचे जातात त्यालाच कळत नाही.” त्यांनी जिभा घासायची कानस हातात घेतली. “ठेवून जा. करतो. बाहेरच्याने बुवांची पेटी फाडण्यापेक्षा मीच फाडतो.”

हे ते रडक्या आवाजात बोलले नाहीत. बिल किती झालं ते सांगावं तसं बोलले. मी उठले होते. खरं तर मी गेलेही असते, औषधाचं दुकान एक वाजता बंद होतं.

“पण एकदा मला ऐकवा तरी,” ते म्हणाले. “ज्याला पेटी लावायची ते मी अजून ऐकलेलंच नाही.”

आम्ही दोनदा पेटी पाठवली होती आणि दोन्ही वेळा रेकॉर्डिंग पाठवलं नव्हतं. कोणाला सुचलंच नाही. रोज संध्याकाळी कर्ण्यावर लागतं, ते सगळ्या जगाला माहीत असेल असंच आम्ही धरून चाललो होतो. माझ्या फोनमध्ये ते होतं. मी लावलं आणि फोन पेटीवर ठेवला.

चाचांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. फोनकडे बघत राहिले. दोन मिनिटांनी म्हणाले, “बुवा कधी गायले हे? लग्नाआधी?”

“नाही हो. आठ-दहा वर्षांपूर्वी.”

“टाळ कोणाचे?”

“देवळातलेच. तेच जुने.”

“तेच आहेत अजून?”

“तेच. खांबाला टांगलेले असतात.”

“मग इथे एवढे बारीक का बोलतात?” त्यांनी फोन कानाला लावला. “ताई, बुवा पट्टी बदलतील. आजारी असले तर खाली गातील, चहा चांगला मिळाला तर वर. पखवाज बदलेल. पण टाळ? टाळ कोण चढवणार? तो धातू आहे, ओतला तेव्हा जे बोलला तेच बोलणार. यांचं वजन कमी झालंय.”

आषाढात मी सीडी उतरवून घेतली ती दुपार मला आठवली.

“चाचा, कानस ठेवा खाली,” मी म्हणाले. “उद्या सकाळपर्यंत हात लावू नका. मी फोन करते.”

“आणि आळेफाटा?”

“ते मी बघते.”

औषध घेतलं आणि घरी आले. जेवले नाही. बुवांची सीडी कपाटातच होती. आषाढात ती कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला वाचता आली नव्हती, ओरखडे फार होते. घरातला जुना सीडी प्लेयर मात्र ती वाचत होता. म्हणून मी प्लेयरच्या मागची डिजिटल वायर माझ्या साउंड कार्डला जोडून आवाज उतरवून घेतला होता. पहिल्यांदा जो आवाज आला त्यात ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट होता. तो का येतो ते मला माहीत होतं, आणि तो मी पाच मिनिटांत घालवला, म्हणूनच तर मी स्वतःवर खूश होते.

ते असं असतं. डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची लांब रांग. एका सेकंदात किती आकडे उचलायचे हे एक घड्याळ ठरवतं. ते भिंतीवरचं घड्याळ नव्हे, यंत्राच्या आत धडधडणारं. सीडीचं घड्याळ सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर आकडे देतं. आम्हा व्हिडिओवाल्यांचं अठ्ठेचाळीस हजार चालतं. दोन यंत्रं जोडली की घड्याळ एकाचंच धरावं लागतं. लागवडीला एक बाई रोप पुढे करते आणि दुसरी लावते, तसंच. दोघींचा हात एका चालीने चालला नाही तर कधी हातात रोप नसतं, कधी दोन येतात. तो तडतडाट म्हणजे ते. मी साउंड कार्डाला सांगितलं की स्वतःचं घड्याळ सोड, प्लेयरचं धर. तडतडाट गेला.

पण कॉम्प्युटरला सांगायचं मी विसरले. त्याच्याकडे लग्नाच्या कामाची अठ्ठेचाळीस हजारांची पाटी तशीच लागलेली होती. आत आकडे आले सीडीच्या चालीने, कॉम्प्युटरने ते लिहून घेतले व्हिडिओच्या चालीचे म्हणून. त्यामुळे वाजवताना तो दर सेकंदाला चार हजारभर आकडे जास्त उचलत होता. वाफ्यात रोप तेवढंच, हात भरभर चालला, वाफा लवकर संपला. आणि आवाज नुसता लवकर संपत नाही, चढतोही. बुवा, पेटी, पखवाज, टाळ, सगळे एकत्र दीड पट्टी वर गेले. सगळेच गेले, म्हणून कोणालाच काही वाकडं वाटलं नाही. वाटलं ते हे की बुवा खणखणीत आहेत.

एवढं मनात जुळलं तरी मी ताडून बघितलं. सीडी प्लेयरवर लावली आणि लागवडीचं बाकीचं सामान काढत बसले. प्लेयरवर मिनिटं दिसतात. भजन संपलं तेव्हा सदतीस मिनिटं आठ सेकंद झाले होते. माझ्या फाइलवर चौतीस मिनिटं सात सेकंद. तीन मिनिटं मी खाल्ली होती, आणि बायकांनी त्याबद्दल माझे आभारही मानले होते.

लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. घड्याळांची भांडणं मी दर हंगामात सोडवते. लग्नात कॅमेरा एक आणि आवाजाचा रेकॉर्डर दुसरा असतो. दोघांच्या घड्याळात केसाएवढा फरक असला तरी हळदीपासून वरातीपर्यंत तो साठत जातो आणि भटजींचे ओठ आधी हलतात, मंत्र मागून येतो. मी प्रत्येक विधी तोडून वेगळा जुळवते. पुण्यातला एक साउंडवाला तर मला ऐकवायचा की घड्याळाची नुसती थरथर असली तरी आवाज गढूळ होतो, म्हणून तो महागडी यंत्रं घेतो. ती थरथर मला कधी ऐकू आली नाही, मी त्याला तसं सांगितलंही होतं. आणि इथे थरथर नव्हे, घड्याळच दुसरं धरलं होतं, आणि चार महिने रोज संध्याकाळी कर्ण्यावर ऐकून मला कळलं नव्हतं. ज्याचे कान गेले म्हणून आम्ही बोंब मारली त्याला दोन मिनिटांत कळलं, तेही फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर.

फाइल नीट करायला काही लागलं नाही. एक आकडा बदलायचा होता.

दिवेलागणीला देवळात गेले. दीर होते, मास्तर होते, टाळकरी तिघे-चौघे. मी जुना पेनड्राइव्ह लावला आणि खांबावरचे टाळ काढून दिरांच्या हातात दिले.

“वाजवा. आणि स्पीकरमधले ऐका.”

“हे काय नवीन?”

“वाजवा तर.”

त्यांनी वाजवले. हातातले टाळ जाड बोलले, स्पीकरमधले बारीक. शेजारी शेजारी ऐकल्यावर लहान मुलालाही कळलं असतं. दिरांनी दुसऱ्यांदा वाजवले, तिसऱ्यांदा वाजवले. टाळ उलटे करून बघितले.

“आवो, टाळ तर आपलेच हायेत.”

“टाळ आपलेच आहेत. रेकॉर्डिंग चुकलंय. मी चुकवलंय. पेटी बरोबर आहे.” मग मी नीट केलेलं लावलं. बुवांचा आवाज जड झाला, चाल संथ झाली, आणि टाळ हातातल्या टाळांसारखे बोलले.

“हे बुवा,” मास्तर म्हणाले. “श्वास घ्यायला थांबतात बघा इथे. मला वाटायचं, रेकॉर्डिंगमध्ये थांबत कसे नाहीत.”

“तरी म्हटलं,” एक टाळकरी म्हणाला, “चार महिने माझा गळा कामून बसला! बुवाला मरून बी वरचा सूर लागतोय, आन् मी जित्ता आसून लागंना.”

हसले सगळे. मलाही हसू आलं. मग मी म्हणाले की चाचांना आणि ग्रुपवर हे सांगायला हवं. तेव्हा हसणं थांबलं.

“सांगायचं काय त्यात?” मास्तर म्हणाले. “पेनड्राइव्ह बदला, पेटी घेऊन या. जुळलं की झालं. सप्ताह तोंडावर आलाय, आता कशाला बोभाटा? मंडळाचं हसं होईल.”

“वहिनी, तुमचं बी होईल,” दीर म्हणाले. “खण-नारळ दिलाय तुमाला.”

“नारळाची बर्फी करून संपली,” मी म्हणाले. पण त्यापुढे बोलले नाही. खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं मला सोयीचं होतं. मी लग्नाची कामं घेते. ज्या बाईला चार महिने आपली चूक ऐकू आली नाही तिला काम कोण देईल? मी पेनड्राइव्ह बदलला आणि घरी आले.

जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत ऐकत होता.

“म्हणजे आता पेटी येणार आन् जुळणार,” तो म्हणाला. “लोकं काय म्हणतील म्हाईत हाये? म्हणतील, दोनदा सांगून केलं नव्हतं, आळेफाट्याचं नाव काढलं तसं म्हाताऱ्यानं गुमान नीट करून दिलं.”

“चाचा सांगतील की त्यांनी हात लावला नाही.”

“आन् कोण ऐकल?”

तो दुसरी भाकरी मागत होता. मी वाढली. त्याने ते सहज म्हटलं होतं, पण बरोबर म्हटलं होतं. पेटी जुळली असती आणि चाचांची फरशी तशीच मोकळी राहिली असती. उलट त्यांच्या नावावर एक खोटी दुरुस्ती चढली असती, माझ्या चुकीची.

देवळातल्या ॲम्प्लिफायरची किल्ली माझ्याकडे असते, बिघडला की मीच बघते म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी देऊळ उघडलं, माइक चालू केला आणि बोलले. आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, म्हणून लांबलं नाही. मी कोण ते सांगितलं. आषाढापासून लागत असलेलं बुवांचं भजन मी चुकीचं उतरवलं होतं, ते वर चढलेलं होतं, असं सांगितलं. मंडळाची पेटी जुन्नरच्या चाचांनी पहिल्यापासून बरोबर लावलेली आहे, चूक त्यांनीच शोधून दिली आणि ज्याला खात्री करायची असेल त्याने खांबावरचे टाळ वाजवून बघावेत. मग हेच भजनी मंडळांच्या ग्रुपवर लिहिलं, खाली दोन्ही रेकॉर्डिंगचे अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे तुकडे जोडले. देवळाबाहेर येते तोवर मास्तरांनी त्याखाली नमस्काराचं चित्र टाकलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचा जुना मजकूर काढून टाकला. तेवढं पुरे.

चाचांना फोन केला आणि पेटी आणायला जुन्नरला गेले. पावणेआठला पोचले. पेटी चादरीत बांधून तयार होती. शिनोलीवाल्यांचा त्यांना माझ्याआधीच फोन येऊन गेला होता, पेटी परत आणतो म्हणून.

“मग काय म्हणालात?”

“म्हटलं, आणा. पण नंबराने घेईन.” खोलीत त्या घटकेला आमच्या पेटीशिवाय दुसरी एकही नव्हती. चाचांनी भाता एकदा दाबून बघायला लावला, काळी एक वाजवली, शिट्टी फुंकली. मग म्हणाले, “मुलाला पण ग्रुपवरचे दोन्ही तुकडे ऐकवले. आता म्हणतो, अब्बा, तुमचे कान मला द्या.”

मजुरीचं विचारलं तर सीडीवरून एक नीट उतरवून द्या म्हणाले, सदतीस मिनिटांचं. पेनड्राइव्ह मी आणलाच होता.

परत आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. पेटी दिरांच्या ओट्यावर ठेवली आणि थेट वावरात गेले. बायांनी दोन वाफे माझ्याशिवाय लावले होते. औषधाची बादली कुठे आहे ते कोणाला माहीत नव्हतं, म्हणून रोप कोरडंच लावलं होतं. ते दोन्ही वाफे मी पुन्हा उपटायला लावले.